शेवंताचं भिंग

शेवंतानं आणि मी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे मिरची कुटणं. इंदापुरात आमचं छोटं कांडप आहे. त्या सकाळी मी नाकाला उपरणं बांधून शिंकत होतो, गिऱ्हाइकं रस्त्यापलीकडं पळालेली. आणि माझी बायको कुटणाऱ्या डंकाखाली वाकून तिखट चाळत होती. डोळ्यात टिपूस नाही.

"डोळ्याचे लाड करू न्हायेत," ती गिऱ्हाइकांना ओरडून सांगायची. "शिकवला की शिकतोय."

तिला डोळा एकच. दुसरा लहानपणी देवी आल्या तेव्हा गेलेला. मोतीबिंदू काढल्यावर जाड चष्मा मिळाला. तो लावला की मी फार मोठा दिसतो, म्हणून तिनं पेटीत टाकला. "हाय तेवढंच पुरं हाय," म्हणाली. मग डोळ्यात घालायची लेन्स मिळाली. ती तिला भिंग म्हणायची. आठवड्यानं काढून धुवायचं, डोळ्याला रात्रभर विसावा द्यायचा. हिनं महिनेच्या महिने काढलं नाही. वर पाहुणे आले की डोळ्यावर बोट टेकवून दाखवायची. काटेवाडीची विहीण ते बघून चहा न घेताच उठली.

त्या सकाळी ती वळली आणि मला बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. कणीएवढा.

"दुखतंय का गं?"

"काय?"

"डोळा."

"त्याला काय धाड भरलीया."

दुपारी एसटीनं बारामती गाठली. डॉक्टरांनी भिंग काढलं आणि कापसाची बारीक वात डोळ्याला लावली. पापणी हलली नाही. दुसरी वात माझ्या डोळ्याला लावली, तर मी स्टुलावरून पडलो.

"बाबा, आजींच्या डोळ्यात जखम चिघळलीय," डॉक्टर म्हणाले. "भिंग रात्रंदिवस ठेवून डोळ्याची जाणीव बोथट झालीय. तुमचा डोळा ओरडला, त्यांचा गप्प बसला."

इतके दिवस ती हेच मिरवत होती.

"आजी, निजताना तरी काढायचं. झोपेत काय बघायचं असतं?"

शेवंता पदराचं टोक पिळत बसली. "ह्यांना दोन सालामागं झटका आला. तवापास्नं रातचं उठून छाती हलतीया का बघती. भिंगाबिगर दिसत न्हाय."

"हात लावून बघायचा."

"झोपंतच चाळवत्यात. आन शिव्या देत्यात."

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मी गाढ झोपणारा माणूस.

भिंग बंद झालं. डोळ्यात औषध घालून घरी आलो. निजताना म्हणाली, "आज तुमचं तुमी बघा." मी हसलो आणि झोपलो.

सकाळी उजाडलं तरी चूल थंड. हाक मारली, ओ नाही. अंग गार लागलं. झोपेतच गेली होती, माझ्या हाताच्या अंतरावर. तरी मी शेजारी बसलो आणि तिची छाती बघायला लागलो.

शेजारची काशी दारात आली. "तात्या, काकू उठल्या न्हाईत व्हय?"

म्हणालो, "थांब जरा. बघतोय."