कुणीही न पाहिलेलं फडकं

अनुसूया गेल्याचा फोन आला तेव्हा माझा डावा हात एका शिंगराच्या तोंडात होता.

श्रावण चालू होता. काशीदच्या पुळणीवर पर्यटक नव्हते, पण शिंगरांची तपासणी होती. पावसाळा संपून सीझन उघडला की आमच्याकडे पहिली शर्यत होते ती शिंगरांची, आणि मी तिचा पंच. दुधाच्या दातांत एक जरी पक्का दात दिसला तरी जनावर बाद. अंबाजी घोडेवाल्याचं शिंगरू मला वयाच्या मानाने जरा उंच वाटत होतं, म्हणून मी त्याचे दात दुसऱ्यांदा तपासत होतो. उजव्या हाताने फोन उचलला.

"काका, मी निकेश."

निकेश म्हणजे माझ्या बायकोच्या, अनुसूयाच्या, बहिणीचा मुलगा. अनुसूया त्यांच्याकडे चौलला राहायला गेली होती.

"कशावरून?" मी म्हटलं.

"काय कशावरून?"

"तू निकेश कशावरून? हल्ली असे पुष्कळ फोन येतात. तुझ्या आजोळचं आडनाव सांग."

तो रडायला लागला. "काका, मावशी गेली."

"कुठे?" मी विचारलं.

मग मला कळलं. शिंगराच्या तोंडातला हात काढायचा मी विसरलो. त्या वेळी ते चावलं असतं तरी मला समजलं नसतं. ते चावलं नाही.

त्या दिवसाचं एवढंच. आता शर्यतीचं सांगतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. या किनाऱ्यावर मला फसवेल असा माणूस अजून जन्मलेला नाही, आणि घोडा तर नाहीच! मी एसटीत तिकीट तपासनीस होतो. झोपेचं सोंग घेतलेला प्रवासी मी पायाच्या अंगठ्यावरून ओळखतो. अर्ध्या तिकिटाच्या मुलांना मिसरूड फुटलेली मी पाहिली आहे. निवृत्त झालो तेव्हा घोडेवाल्यांनी मला पंच केलं, कारण ते एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत आणि मी कुणावरच ठेवत नाही. सगळे मला चेकरदादा म्हणतात.

शर्यत साधी असते. शिंगरांच्या पाठीवर कुणी बसत नाही. मोठ्या ओहोटीला पुळण कडक झाली की त्यांना एका टोकाला आणून उभं करतात. दुसऱ्या टोकाला त्यांचे मालक चंदीचा तोबरा, म्हणजे दाण्याची पिशवी, घेऊन उभे राहतात. मालकांच्या जवळ मी. मी झेंडा हलवला की तिकडे दोर सोडायचे. जे सरळ पळत आपल्या मालकाकडे येईल ते पास. जे भलतीकडे जाईल ते बाद. पास झालेलं किनाऱ्यावर राहतं, पुढे पर्यटकांना फिरवतं. बाद झालेलं बहुतेक विकलं जातं.

आणि पहिली धाव होईपर्यंत शिंगराला नाव ठेवायचं नाही, ही इथली जुनी रीत. मी तिचा नियम केला. धावेच्या आधी कुणाच्या तोंडून नाव निघालं तर शिंगरू बाद! नावाने हाक मारली की ते येणारच, मग परीक्षा कसली? त्यामुळे शर्यतीच्या दिवशी सगळे मालक एकदम "ए! ए! ये रे! हुर्र!" एवढंच ओरडतात. फलाटावर मुंबईची गाडी लागल्यासारखा गोंधळ होतो. पण नियम म्हणजे नियम.

यंदा माझी मुलगी मैथिली पुण्याहून फोनवर म्हणाली, "बाबा, या वर्षी नका ना बसू पंच म्हणून."

"का? मी बसलो नाही तर कुणाचा फायदा आहे?"

तिने एकदम "जेवलात का?" विचारलं. मला तिचाही जरा संशय आला.

दसऱ्याच्या सुमाराला अंबाजी वाटेत भेटला. म्हणाला, "दादा, पास झालं तर ठेवीन हो त्याला. पण बाद झालं तर बसून खाणारं जनावर मला परवडायचं न्हाय. पनवेलचा वरातवाला न्यायला टपलाय. आणि हे लय भित्रं हाय. बँडच्या आवाजात चार दिवस टिकायचं न्हाय."

"मला कशाला सांगतोस?"

"तुमालाच सांगणार ना! पास-बाद तुमच्या हातात."

वाक्य सरळ होतं. म्हणूनच मला खटकलं.

अनुसूया गेल्यावर महिनाभर घरात माणसं होती. ती आपापल्या गावी गेली. मी सकाळचा स्टँडवरचा चहा बंद केला होता, कारण मी गेलो की बाकावरचे लोक बोलायचे थांबत. त्यामुळे सकाळी मी घरीच असे. आणि एक दिवस मागच्या दारी पाहतो तर काय? खुरांचे ठसे! वाडीच्या बेड्याची, म्हणजे फाटकाची, काठी पडलेली, पायरीसमोर माती तुडवलेली, आणि पायरीच्या बरोबर मधोमध ताजी लीद!

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मी विचार केला. पंचाच्या दारात लीद टाकायची म्हणजे काय? एक तर ही धमकी आहे, नाही तर खत आहे. खत असेल तर लाच आहे! दोन्हीकडून माणूस एकच, अंबाजी.

मी सापळा लावला. पहाट फुटताच काठी घेऊन माडाच्या मागे उभा राहिलो. थोड्या वेळाने नाकाने बेड्याची काठी ढकलत अंबाजीचं शिंगरू आत आलं. एकटंच. आमच्या घरचं भाडं भरत असल्यासारखं सरळ मागच्या दाराशी जाऊन उभं राहिलं आणि बंद दाराकडे बघत बसलं. इकडे नाही, तिकडे नाही.

एकटं कसं येईल? मागे माणूस असणारच! जास्वंदीच्या कुंपणात काही तरी हललं.

"अंबाजी!" मी ओरडलो. "बाहेर ये! मी तुला पाहिलंय!"

कुंपणातून नीराबाई बाहेर आली. डोक्यावर माशांची पाटी. ती कोळीवाड्यातून रोज याच वाटेने येते. माझ्या हातातली काठी पाहून तिने पाटी सावरली.

"अंबाजी कुठला? मी हाय ती! बोंबील न्हाय घ्यायचे तर न्हाय सांगा, काठी कशाला दाखवताव?"

"हा घोडा इथे कसा?"

"मना विचारताव? अवो, त्याचं असं हाय..."

"थांब!" मी म्हटलं. "तू याच वेळेला इथे कशी? तुला अंबाजीने पाठवलं ना? मला फितवायला?"

नीराबाईचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग ते मिटलं.

"आता जीव गेला तरी सांगायची न्हाय," ती म्हणाली. "बसा काठी घेऊन!" आणि तरातरा निघून गेली. शिंगरू मात्र उन्हं वर येईपर्यंत दाराकडे बघत होतं.

मी ते अंबाजीकडे ओढत नेलं. तो माझ्यावरच उलटला. "दावं तोडून रोज कुठं जातंय ते आता कळलं! दादा, तुमी त्याला काय खायला घालताव?"

"मी? मी पंच आहे!"

"म्हणूनच विचारतोय!"

बघा! पंचावरच संशय! या किनाऱ्यावर काही तरी मोठं शिजत होतं, एवढी माझी खात्री झाली.

शर्यत कोजागिरीनंतरच्या सकाळच्या ओहोटीला ठरली. आदल्या संध्याकाळी मी झेंडा बाहेर काढला. लाल, दर वर्षीचा. तो हातात धरला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा झेंडा देवळामागच्या खोलीत असतो. खोलीची चावी कुणीही मागून नेतं. शिंगराला महिनाभर आधी हाच लाल झेंडा दाखवून त्याच्याखाली चारा घातला असेल तर? झेंडा दिसला की ते इकडेच धावणार! केवढा डाव! आणि इतकी वर्षं माझ्या लक्षात आला नाही!

मी ठरवलं, उद्या असं कापड वापरायचं की ज्याची कुठल्याही घोड्याला ओळख नाही.

घरात शोधलं. मागच्या दाराआड खिळ्याला अनुसूयाचं फडकं होतं. जुन्या हिरव्या सुती साडीचा तुकडा. वाडीत काम करताना ती ते डोक्याला गुंडाळायची. ते बांधून ती कधी रस्त्यावरसुद्धा गेली नाही. म्हणजे हे फडकं जगात दोनच माणसांनी पाहिलेलं, आणि त्यातला एक मी. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. आता घडी करून खिशात घातलं. कुणाला पत्ता लागू दिला नाही.

सकाळी पुळणीवर ही गर्दी! चार शिंगरं लांबच्या टोकाला उभी. इकडे अंबाजी, नांदगावचा रघू आणि आणखी दोघे मालक तोबरे हलवत होते. मी लाल झेंडा सगळ्यांसमोर गुंडाळून ठेवला. मालकांच्या तोंडाकडे बारीक बघितलं. कुणाचाच चेहरा पडला नाही. म्हणजे तयारीचे होते!

खिशातून हिरवं फडकं काढलं आणि हलवलं.

सुटली!

पंच म्हणून माझं प्रामाणिक निरीक्षण असं. पहिलं शिंगरू पावसाळ्यात बंद पडलेल्या गाडीसारखं होतं, मागून ढकलल्याशिवाय हललंच नाही. दुसरं झकास सुटलं, पण त्याला शहाळेवाल्याची गाडी दिसली आणि त्याचा प्रवास तिथेच संपला. रघूचं शिंगरू ऐटबाज! मान उंच, टाप एकसारखी, वेग उत्तम. फक्त ते समुद्राकडे पळालं. रघू गुडघाभर पाण्यात उभा राहून "ए! ए! ये रे!" करत होता आणि ते जंजिऱ्याकडे निघालं होतं.

आणि अंबाजीचं? अहो, अंबाजीचं बाणासारखं आलं! भित्रं म्हणे! शेपटी ताठ, कान पुढे, खुरांखालची ओली वाळू मागे उडतेय. असली पहिली धाव मी आजवर पाहिली नव्हती. अंबाजी तोबरा उंच धरून नाचायला लागला. "आयलं! आयलं माझं!"

ते अंबाजीच्या बाजूने सरळ पुढे निघून गेलं.

माझ्याकडे!

मी डावीकडे सरकलो. ते डावीकडे वळलं. मी उजवीकडे गेलो. तेही उजवीकडे. मग मी पळालो. धाव चालू असताना पंच पळाला तर काय समजायचं, हे माझ्या नियमांत लिहिलेलं नाही. मी पुढे, हातात फडफडतं फडकं, मागे शिंगरू, त्याच्यामागे तोबरा घेऊन अंबाजी! पर्यटक मोबाइल धरून टाळ्या वाजवत होते. एक बाई म्हणाली, "हे दर वर्षी असतं का हो?"

पाण्याच्या कडेला माझा पाय घसरला. मी बसलो. शिंगरू येऊन थांबलं, मान खाली केली आणि त्या फडक्यात सगळं तोंड खुपसून उभं राहिलं. चावलं नाही, ओढलं नाही. नुसता श्वास घेत होतं.

रघू ओला होऊन आला. "वा चेकरदादा! झेंडा बदललात! आणि शिंगरू नेमकं त्याच्याकडे येतं? त्याला लावलंय काय?" त्याने फडक्याचं टोक नाकाशी नेलं. "भाकरीचा वास येतोय! तांदळाच्या!"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ती नजर मी चांगली ओळखतो. आयुष्यभर मीच ती विनातिकीट लोकांकडे टाकली आहे.

"मी काही केलेलं नाही," मी म्हटलं. विनातिकीट लोकही हेच म्हणतात.

"त्यांनी न्हाय केलं," मागून आवाज आला. नीराबाई! पाटी खाली ठेवून पुढे आली. "त्यांच्यात तेवढी अक्कल कुठली? वैनी करायची. शिंगरू आईपासून तोडलं तवापासून सकाळी यायचं. वैनी याच फडक्यात भाकर बांधून ठेवायची, दारात बसून हातानं चारायची. दादा स्टँडवर चहाला गेले की रोज."

मी पाण्यात बसल्या बसल्या विचारलं, "मला का सांगितलं नाही?"

"सांगून काय? तुमी भाकरीचंपण तिकीट फाडलं असतंव!"

लोक हसले.

"वैनीनं नावपण ठरवलेलं त्याचं," नीराबाई म्हणाली.

"काय नाव?"

"मना न्हाय सांगलं. मी लय मागं लागले. म्हणली, पहिली धाव झाल्याबिगर नाव तोंडातून काढायचं न्हाय, आमच्यांचा नियम हाय."

लाट येऊन माझ्या मांडीवरून परत गेली.

अंबाजीने हलक्या आवाजात विचारलं, "दादा, पास का बाद?"

मी उठलो. लेंगा पिळला. शिंगरू सरळ पळालं होतं, सगळ्यांत जोरात पळालं होतं. पण नियमात आहे, आपल्या मालकाकडे आलं पाहिजे.

"बाद," मी म्हटलं.

अंबाजीने मान खाली घातली. त्याच्यामागे पनवेलचा वरातवाला उभा होता, झगझगीत शर्ट घालून. तो पुढे सरकला. शिंगराने तोंड फडक्यातून काढलं नव्हतं.

"थांबा," रघू म्हणाला. तोच रघू! "मालकाकडे आलं तर पास ना? मग अंबाजी, मालक बदल की!"

अंबाजीने माझ्याकडे पाहिलं. मी वरातवाल्याच्या शर्टाकडे पाहिलं. मग अंबाजीने दावं माझ्या हातात दिलं. वरातवाला देणार होता तेवढं मी अंबाजीला दिलं. तो पावती द्यायला तयार नव्हता, मी घेतली. हा सगळा डाव रघू आणि अंबाजीने आधीच ठरवलेला होता असा मला अजून संशय आहे.

शिंगरू आता आमच्या वाडीत आहे. सकाळी मी भाकरी थापतो. ती गोल होत नाही, पण खाणाऱ्याची तक्रार नाही. मैथिली फोनवर रोज विचारते, "बाबा, नाव काय ठेवलं?"

मी तिला खरं सांगत नाही. तुम्हाला सांगतो. मला अनुसूयाचा संशय आहे. रोज हाताने भाकरी चारणारी बाई, दारात दुसरं कुणी नसताना, एकदाही नावाने हाक मारणार नाही? नियम तिने नक्की मोडला असणार! म्हणून सकाळी फडकं हातात घेऊन मी पायरीवर बसतो, तिला सुचलं असेल असं एकेक नाव घेतो आणि शिंगराच्या कानांकडे बघतो. ओळखीचं नाव आलं की कान हलेल.

आज सकाळपर्यंत हललेला नाही. त्याचं नाव ठेवायचं राहिलं आहे.