सोबत कुणी नको

माझं नाव बादशहा शिकलगार. आमच्या वाडवडिलांनी तलवारींना धार लावली, मी एका सरकारी कचेरीत जन्मभर पेन्सिलींना लावली. (पेन्सिलीने माणूस मरत नाही असं म्हणणाऱ्यांनी आमचे शेरे वाचलेले नाहीत.) निवृत्तीनंतर माधवनगरच्या घरात बसून पुस्तकं वाचावीत आणि कुणाचं ऐकू नये, एवढीच महत्त्वाकांक्षा उरली होती. तिला यंदाच्या मे महिन्यात माझ्या मुलानेच सुरुंग लावला.

अजमल साताऱ्याला एमआयडीसीत आहे. आता दोघंही इकडेच राहायला या, खोली रंगवून ठेवली आहे, असं त्याने फोनवर सांगितलं. जरिनाने, म्हणजे आमच्या बेगमने, फोन संपायच्या आत माळ्यावरून बॅग काढली. मी म्हणालो, तू जा, मी इथंच राहणार. एकटा. मला कुणाची गरज नाही.

घरात आमची दखनी चालते, पण जरिना कुंडलची. टोमणा मारायचा झाला की ती मराठीवर येते.

"व्हय," ती म्हणाली. "तुमचं पायमोजं कुठं असत्यात तेवढं सांगा, मग ऱ्हावा."

प्रश्न गैरलागू असल्याने मी तो दप्तरी दाखल केला.

आमची नात, अजमलची शिफा, दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आमच्याकडे आली होती. येताना तिने टीव्हीला जोडायचा एक गेम आणला होता. आमचं भांडण तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि कंट्रोलर माझ्या हातात ठेवला. "दादा, अब्बू न्यायला येतील तोवर यातला किल्ला तुम्ही जिंकून दाखवा. जिंकलात तर मीच त्यांना सांगते, दादांना इथंच राहू द्या. नाही जिंकलात, तर गुपचूप गाडीत बसायचं."

मी हो म्हणालो. खेळण्याला कोण भितो?

हा गेम मुद्दाम जुना दिसेल असा बनवला होता. ठिपक्याठिपक्यांचा माणूस, ठिपक्याठिपक्यांचा चंद्र, पडके मनोरे, शवपेट्या आणि वटवाघळं. (आमचं घर मुद्दाम काही न करता जुनं दिसतं, त्याचं कुणाला कौतुक नाही.) किल्ल्याच्या माथ्यावर एक शिंगवाला सैतान सिंहासनावर बसून खालच्या गावाला छळत होता, आणि आपण तलवार घेऊन उड्या मारत त्याच्यापर्यंत पोचायचं. एका शिकलगाराच्या हातात अखेर तलवार आली म्हणून मला जरा भरूनही आलं.

वाटेत तिघं भेटली. भिंती फोडणारा एक फावडंवाला, अंधारात वाट दाखवणारी एक कंदीलवाली, आणि खड्डे पार करणारा एक दोरवाला. प्रत्येक वेळी पडद्यावर प्रश्न येई, याला सोबत घ्यायचं का? होय म्हटलं की पुढे हवं तेव्हा एक बटण दाबायचं आणि आपणच तो माणूस व्हायचं. भिंत आली की फावडंवाला, खड्डा आला की दोरवाला. सोय चांगली होती. पण कचेरीत मी पाहिलं होतं की एका कामावर चौघं नेमली की घाम एकाचा जातो, सही दुसऱ्याची होते आणि बढती तिसऱ्याला मिळते. मी तिन्ही वेळा ‘नाही’ दाबलं. तिघंही मान खाली घालून निघून गेली.

"दादा, कंदीलवाली तरी घ्या," शिफा म्हणाली.

"नको. उद्या म्हणेल, किल्ला माझ्यामुळंच पडला."

मग माझं मरण सुरू झालं. एका खड्ड्यात मी इतक्यांदा पडलो, की शेवटी शेवटी तो मला ओळख दाखवू लागला. अंधाऱ्या भुयारात मी भिंतीलाच तलवारीने हाणत बसलो. पण हार मानली नाही. आंघोळ दुपारी होऊ लागली, वर्तमानपत्र घडीचं घडीतच राहू लागलं. मी एकट्याने किल्ला चढत होतो. डाव्या हाताशी चहा आपोआप येत होता, पाठीशी उशी उगवत होती, टाकी भरत होती, शेजारच्या सुलाबाईंची लसणाची चटणी ताटात अवतरत होती. हे कोण करतं, याकडे लक्ष द्यायला मला फुरसत नव्हती.

अजमल यायचा त्या दिवशी जरिना शिफाला घेऊन भावाचा निरोप घ्यायला कुंडलला निघाली. मी सिंहासनाच्या दालनाशी पोचलो होतो. तिने जाता जाता सांगितलं, दूध गॅसवर आहे, वर आलं की बंद करा, आणि मोटर चालू आहे, गच्चीवरची टाकी भरली की तीही बंद करा. तेवढ्यात सुलाबाईंनी दारातून डोकावून, आपणही बाजाराला जात असल्याचं आणि आमच्या गच्चीवर कुरडया वाळत घातल्याचं कळवलं. "भावजी, कावळ्यांवर जरा ध्यान ठिवा." मी सगळ्यांना हो म्हणालो. ‘हो’ म्हणायला मी सरकारी खर्चाने शिकलो आहे.

सैतान अवघड होता. मध्येच गेम थांबवायचं बटण असतं हे मला ठाऊक होतं. पण एकदा थांबवलेलं काम पुन्हा सुरू होत नसतं, हा माझ्या साऱ्या नोकरीचा सारांश आहे. मी थांबवलं नाही. सैतानाला पहिला घाव बसला आणि काहीतरी करपल्याचा वास आला. वाटलं, हल्ली गेममध्ये वासही येतो, तंत्रज्ञान कुठल्या कुठे गेलं. मग जोराने पाणी कोसळल्याचा आवाज येऊ लागला. किल्ल्यामागे धबधबा असणार, मी ताडलं. गच्चीवर कावळे नव्हते, याची मात्र मला खात्री होती. एवढ्या पाण्यात कोणता कावळा थांबेल?

दुपार कलता कलता सैतान पडला. मी उठून उभा राहिलो, तर दारात तिघी उभ्या. जरिनाच्या हातात काळंठिक्कर पातेलं होतं. शिफा मोटर बंद करून आलेली, गुडघ्यापर्यंत भिजलेली. सुलाबाईंच्या हातातल्या परातीत पांढरं, लिबलिबीत काहीतरी होतं.

"कुरडयांचा परत चीक झाला," सुलाबाई म्हणाल्या.

"पण किल्ला जिंकला," मी टीव्हीकडे बोट दाखवलं. "एकट्याने."

पडद्यावर माझा माणूस पायऱ्या चढून सिंहासनावर बसत होता. मी छाती काढली. बसल्याबरोबर त्याचा चेहरा पांढराफटक पडला, डोळे लाल झाले आणि कपाळावर दोन शिंगं उगवली. खाली इंग्रजी ओळ आली. शिफाने ती मराठीत वाचली. "जो एकटा वर येतो, तोच वरचा सैतान होतो." मग दालनाचं दार उघडलं आणि मी हाकललेली तिघं आत आली. फावडं, कंदील आणि दोर. आता खेळणाऱ्याने या तिघांना घेऊन मला मारायचं होतं.

"हे तुला माहीत होतं?" मी शिफाला विचारलं.

"म्हणून तर म्हटलं, कंदीलवाली तरी घ्या."

सुलाबाईंनी परात खाली ठेवली. "ह्यो फावडंवाला माजा. कुठलं बटन? ह्ये व्हय? वैनी, तुमी जरा सरका." उभ्या आयुष्यात त्यांनी मिक्सरपलीकडे बटण दाबलेलं नव्हतं. पण कुरडया स्वतःच्या होत्या. शिफाने दोर टाकून मला सिंहासनावरून खाली ओढलं, सुलाबाईंनी फावड्याने यथास्थित समाचार घेतला, आणि कंट्रोलर जरिनाकडे आला. तिने कंदील उचलला आणि एका दणक्यात माझा निकाल लावला. ज्या किल्ल्यासाठी मी अख्खी सुट्टी घातली, तो चहा निवायच्या आत पडला. (चहा अर्थात कुणी केलाच नव्हता.)

बाहेर अजमलच्या गाडीचा हॉर्न वाजला. पडद्यावर मी पालथा पडलो होतो. माझ्या डोक्यावर पुन्हा तोच प्रश्न उमटला.

"काय म्हंतंय ते?" जरिनाने विचारलं.

"याला सोबत घ्यायचं का, म्हणतंय. होय की नाही?" शिफा म्हणाली.

जरिना विचार करत राहिली. निकाहात ‘कबूल’ म्हणायला तिने इतका वेळ घेतला नव्हता. तिने पडद्याकडे पाहिलं, परातीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"घेऊ," ती म्हणाली. "पर आदी त्येला ह्ये पातेलं घासून आणू दे."

मी पातेलं घेऊन निमूटपणे मोरीत गेलो. बराच वेळ इकडं तिकडं पाहिलं. मग तिथूनच आवाज दिला,

"घासणी कुठं असते?"