झेंड्याचे सुतक

नुसती जमीन कोणाचीच नसते. तिच्यात काठी रोवून काठीला कापड बांधले, की मग ती कोणाची तरी होते. (कापड जितके रंगीत, तितका हक्क जुना.) हे सत्य युरोपातल्या यच्चयावत सुधारलेल्या राष्ट्रांना मान्य होते, आणि अठराशे ऐंशीनंतरच्या त्या धामधुमीच्या काळात ते दूर दक्षिण समुद्रातल्या केरावा गावालाही मान्य होते. फरक असलाच तर किरकोळ होता. केराव्यात काठीला कापड बांधत ते माणूस मेल्यावर.

रिवाज असा, की मोठा माणूस गेला म्हणजे त्याच्या घरच्यांनी गावासमोरच्या उथळ पाण्यातल्या खडकावर, जिथे सारे गाव मासे धरते तिथे, सुतकाची काठी रोवायची. मग शंभर दिवस त्या पाण्यात जाळे नाही, गळ नाही, पायसुद्धा बुडवायचा नाही. शंभराव्या दिवशी काठी रोवणाऱ्याने गावाला पोटभर डुकराचे जेवण घालायचे आणि काठी उपटायची. तिचे कापड फाडून रडणाऱ्यांना वाटायचे, आणि मग गावाने पाण्यात उड्या टाकायच्या. पहिला मासा मेलेल्याच्या थडग्यावर. तो मिळाला की आत्मा आपल्या वाटेने निघतो. तोवर तो घराच्या ओट्यावर बसून राहतो.

नामोलेचा भाऊ, केराव्याचा मुखिया कामाके, असा शहाण्णव दिवस ओट्यावर बसून होता. जिवंतपणी त्याला खोकल्याची खोड होती. मेल्यावर ती गेली नाही. नामोले रोज पहाटे दोरीला एक गाठ मारी, ओट्यावरचा खोकला ऐके आणि म्हणे, "झालंच दादा, आता थोडेच दिवस." खडकाची राखण तिच्याकडे होती, कारण केराव्यात जमीन आणि पाणी बाईकडून बाईकडे जाते. (हे युरोपला अद्याप कळवण्यात आले नव्हते.)

सत्त्याण्णवाव्या दिवशी जर्मन गलबत आले. लेफ्टनंट ब्रुगमान, अठरा खलाशी आणि एक ढोल खडकावर उतरले. त्यांनी काठी रोवली, तिला कापड बांधले आणि एक कागद पाऊण तास मोठ्याने वाचला. दुभाषेपण कामाकेच्या मुलाकडे, पोपालेकडे आले. तो क्वीन्सलंडात तीन वर्षे ऊस तोडून आला होता आणि त्याला इंग्रजीचे एक्केचाळीस शब्द येत होते, पैकी एकोणीस बायकांसमोर उच्चारण्याजोगे नव्हते. लेफ्टनंटचे इंग्रजीही साधारण तेवढेच असल्याने संभाषण बरोबरीच्या नात्याने झाले.

"काय म्हणतोय रे?" नामोलेने विचारले.

"आत्या, म्हणतोय ही काठी त्यांच्या सगळ्यांत मोठ्या माणसाच्या नावानं."

"अगं बाई! कधी गेला?"

"ते नाही बोलला."

"कसा बोलेल? गळा दाटला असेल. बघ कसा ताठ उभा राहिलाय बिचारा. पुरुषाच्या जातीला रडायची चोरी."

गावाने माणुसकी सोडली नाही. बायकांनी केस मोकळे केले, पुरुषांनी छाती बडवली, दोन तास आक्रोश चालला. लेफ्टनंटने अहवालात लिहिले: 'नव्या राजवटीच्या स्वागतार्थ रयतेने आनंदाश्रू ढाळले. हर्ष अनावर झाल्याने काहींनी डोके जमिनीवर आपटून घेतले.'

नामोलेचे अश्रू मात्र खरे होते. नवी काठी म्हणजे नवे शंभर दिवस. तिने शहाण्णव गाठींची दोरी गुंडाळून कोनाड्यात टाकली आणि नवी दोरी घेतली.

तिचा दीर तागीना ओट्याच्या कडेला बसून सगळे पाहत होता. तो म्हणाला, "वहिनी, तुझा भाऊ जिवंतपणी तरी कधी वेळेवर निघाला होता का?"

"तुम्ही मेलात ना भावोजी, की काठी चूल पेटवायला नेईन मी. तीन दिवसांत वाटेला लावीन."

अकरा दिवसांनी इंग्रज आले. कमांडर पेनफोल्ड यांनी दुर्बिणीतून जर्मन काठी पाहिली आणि तिच्यापासून चाळीस पावलांवर, तिच्याहून दीड हात उंच काठी रोवली. ढोलाऐवजी त्यांनी पूर्ण बॅण्ड आणला होता.

"यांचंही कोणी गेलं?"

"आत्या, यांची बाई होती म्हणे. राणी."

"एकाच घरातली असणार," नामोले म्हणाली. "एक गेला की दुसरी धीर सोडते." गाव पुन्हा दोन तास रडले. (इंग्रजी अहवालात अडीच तास. आरमार मोठे असले की घड्याळही मोठे असते.)

यानंतरचे सात महिने मुत्सद्देगिरीच्या इतिहासात अभ्यसनीय आहेत. जर्मन नकाशाप्रमाणे सरहद्द नदीपर्यंत होती. इंग्रजी नकाशाप्रमाणेही ती नदीपर्यंतच होती, मात्र त्यांची नदी दोन कोस अलीकडे वाहत होती. (केराव्यात नदी नाही. तागीनाच्या घरामागे एक ओहोळ आहे, तो उन्हाळ्यात आटतो.) सबब, गलबत येई तेव्हा ते आपली काठी उपटून वीस पावले पुढे रोवी. जर्मनांनी असे चार वेळा केले, इंग्रजांनी पाच वेळा. केराव्याच्या हिशेबाने, पहिली दोन धरून, त्या एका घरात अकरा माणसे दगावली. गाव थक्क झाले. तापाची साथ असावी असे ठरले आणि गलबतावरून येणाऱ्याच्या हातचे पाणी कोणी पिईना.

वाचकास शंका येईल, की या लोकांनी काठ्या सरळ उपटून का टाकल्या नाहीत? त्यास उत्तर असे, की दुसऱ्याच्या सुतकाला हात लावणारा माणूस केराव्यात जन्मलेला नाही. गाव सुरण उकडून खाई, आणि सणावाराला सुरण भाजून. मासे वाढत होते. एकेक मासा होडीखालून गेला की होडी हले. पोरे किनाऱ्यावर बसून त्यांना नावे ठेवीत, म्हणजे खरोखरच नावे ठेवीत: हा भोपळ्या, ही मामी. आणि कामाके खोकत होता.

बाराव्या दोरीनंतर नामोलेने पोपालेला समोर बसवले.

"सुतकावर सुतक पडलं तर रिवाज काय सांगतो?"

"घरातली सगळी माणसं एकत्र बसली, तर एका जेवणात सगळी सुतकं फिटतात."

"मग ही दोन माणसं एका वेळी का येत नाहीत कधी?"

"भांडण आहे आत्या त्यांच्यात."

"मयताच्या घरात भांडण नसतं होय कुठं? तुझ्या बापाच्या काठीला हात कोणी लावायचा, यावरून तुझे दोन काका महिनाभर बोलत नव्हते. सांग दोघांना, म्हातारीला बोलायचंय. पण दोघं आले तरच बोलेन."

पोपालेने दोन्ही गलबतांवर निरोप दिला. तो दोन राजधान्यांत पोहोचेतो त्याचे रूपांतर 'एतद्देशीय राणीची लवादासाठी कळकळीची विनंती' असे झाले होते. चार महिन्यांनी एकाच सकाळी दोन्ही गलबते उपसागरात शिरली. किनाऱ्यावर एक टेबल मांडण्यात आले. त्याचे दोन पाय जर्मन बाजूस आणि दोन इंग्रज बाजूस येतील याची काळजी साखळीने मोजून घेण्यात आली.

लेफ्टनंटने विचारले, "हा किनारा कोणाचा?"

कमांडरनेही तेच विचारले, पण जरा हळू आवाजात, कारण त्यांना उत्तर माहीत होते.

नामोले म्हणाली, "पोपाले, विचार त्यांना, जेवण कधी घालताय? कोण घालणार?"

एक्केचाळीस शब्दांतून बाहेर पडताना हे असे झाले: "जो जेवू घालेल, त्याची काठी खरी."

मग लेफ्टनंटने गलबतावरून खारवलेल्या डुकराची सहा पिंपे मागवली. कमांडरने आठ मागवली. लेफ्टनंटने बिस्किटे काढली, कमांडरने मनुकांचा शिरा. (साम्राज्ये उगाच मोठी होत नाहीत.) दोघे स्वतः वाढायला उठले. एक जण पानात मांस टाकी, तोच दुसरा त्याच्यावर दुसरे मांस टाकी. लग्नातल्या पंगतीत दोन व्याह्यांनी करावा तसा आग्रह चालला होता. तागीना तिसऱ्यांदा पान पुढे करीत म्हणाला, "वहिनी, गेलं कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण माणसं तालेवार होती हो."

जेवणे झाली. नामोलेने हात धुतले, लेफ्टनंटला एका हाताने धरले, कमांडरला दुसऱ्या, आणि दोघांना घेऊन खडकावर गेली. त्यांचे हात तिने ज्याच्या त्याच्या काठीवर ठेवले आणि वर ओढण्याची खूण केली. दोन्ही अधिकारी समोरच्याची काठी खरोखर उपटली जाते आहे ना, हे इतक्या बारकाईने पाहत होते, की आपल्या हातात आपली काठी आल्याचे दोघांच्याही उशिरा लक्षात आले.

नामोलेने दादाची काठीही उपटली आणि मग ती दोन्ही परकी कापडे फाडली. सर्वांत जास्त रडलेल्या बायकांना कमरेची वस्त्रे मिळाली, उजवीकडे जर्मन आणि डावीकडे इंग्रज. (पुढच्या वर्षी आलेल्या एका प्रवाशाने येथील लोक मिश्र रक्ताचे असल्याचे नमूद केले आहे.) अधिकाऱ्यांनाही एकेक पट्टी मिळाली. त्या गडबडीत लेफ्टनंटला इंग्रज पट्टी मिळाली आणि कमांडरला जर्मन. दोघांनी ती खिशात जपून ठेवली आणि वरिष्ठांना कळवले: 'एतद्देशीयांनी माझ्या समक्ष परकीय ध्वज उपटून फाडला. पुराव्यादाखल तुकडा सोबत जोडला आहे.' दोन्ही दावे निर्विवाद सिद्ध झाले.

तोवर गाव पाण्यात होते. पहिला मासा पोपालेने धरला. तो भोपळ्या होता. दोन माणसांनी तो थडग्यापर्यंत उचलून नेला. संध्याकाळी नामोले ओट्यावर कान देऊन बसली. बराच वेळ बसली. खोकला आला नाही. तिने दोरी सोडून टाकली, एकेक गाठ, आणि म्हणाली, "नीट जा रे दादा."

पुढे दोन्ही राजधान्यांत नकाशावर सरहद्दीची एक रेघ मारण्यात आली. ती नामोलेच्या चुलीवरून गेली. तिला कोणी कळवले नाही, त्यामुळे स्वयंपाक चालू राहिला.

केराव्यात आजही कापड बघून जागा ओळखतात. इथे इतकी वर्षे राहून मलाही तीच सवय लागली आहे, म्हणून आपल्याकडे आलो की एस.टी. स्टँडवर मला फार गलबलून येते. गाडी लागायच्या आत माणसे खिडकीतून रुमाल टाकतात. कोणी पंचा, कोणी टोपी, तर कोणी बारक्याचे झबले. केवढी ही मयते! तेव्हा पुढच्या खेपेस तुम्ही हात लांबवून खिडकीतून रुमाल टाकाल आणि शेजारच्या बाकावरून कोणी डोळे भरून विचारील, "कोण गेलं हो?", तर रागावू नका. नाव सांगा. आणि जेवण कधी, तेही सांगा; मागे पन्नास माणसे उभी आहेत.