परबकाकांची जड हवा

परबकाकांच्या घरी गप्पा मारायच्या तर आधी पंखा बंद करावा लागतो. मग खिडक्या लावायच्या. मग भर दुपार असली तरी ट्यूबलाइट लावायची आणि ते दाखवतील त्या खुर्चीत, उजेडाकडे तोंड करून बसायचं. आपण घामाघूम झालो की काका म्हणतात, "हं, आता बोल. मोठ्यानं बोल. हवा जड आहे."

आमच्या मानपाड्याची हवा जड आहे, हा काकांचा मुख्य सिद्धान्त. कारखान्यांचा धूर हवेत मुरतो, हवेचा दाब वाढतो आणि त्या दाबाखाली आवाज चेपला जातो. "तुमच्या ठाण्यात कुजबुजलेलं चालतं. इथे आवाजाला ढकलावं लागतं." पंखा आवाजाचे तुकडे करतो, हा पोटसिद्धान्त. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे, प्रकाश आवाजाला वाट दाखवतो! अंधारात माणूस धडपडतो, मग आवाज का नाही धडपडणार?

आता मी ठाण्याच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. रिक्षा, बस करत थकूनभागून घरी यावं, तर जिन्यातच काका गाठणार आणि माझ्या विषयाची अशी खांडोळी करणार. मी काही गप्प बसणाऱ्यातली नाही.

"काका, बरणीत घंटा वाजवायची आणि बरणीतली हवा काढून घ्यायची. हवा कमी झाली की आवाज जातो. हवा जास्त झाल्यावर नाही!"

"त्या बरणीत मानपाड्याची हवा होती का?"

"हवा सगळीकडे सारखीच असते हो."

"पुस्तकातली हवा हलकीच असते," असं म्हणून काका विजयी मुद्रेनं पिशवी उचलणार. तोवर आमचे आवाज इतके चढलेले असायचे की वरच्या मजल्यावरचा रोहित कठड्यावरून वाकून ओरडायचा, "काका, तुमचं लॉजिक एकदम खतरा आहे!" त्याला उत्तर म्हणून काका आणखी मोठ्यानं ओरडायचे. आमच्या इमारतीत सगळेच हळूहळू ओरडून बोलायला लागले होते. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, इथे रोज भांडणं होतात.

या सगळ्यात गप्प असायच्या त्या फक्त मंदाकाकू, काकांच्या पत्नी. खरं तर त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. एकेकाळी सोसायटीच्या सभेत त्यांनी तोंड उघडलं की चेअरमनसाहेब पाणी मागायचे. पण अलीकडे त्या कशातच नसत. कुणी काही विचारलं तर हसायच्या, "हो हो" म्हणायच्या आणि आत निघून जायच्या. बायका म्हणायच्या, काकू शिष्ट झाल्यात. मलाही राग यायचा. घरात विज्ञानाची अशी विटंबना चालली असताना ही बाई नुसती हसते कशी?

मग कोजागरी आली. गच्चीवर सगळे जमलो. आटवलेलं दूध पातेल्यात तयार होतं. आमच्याकडे गच्चीतले दिवे घालवायचे, दुधात चंद्र पाहायचा आणि मगच पेले भरायचे, अशी पद्धत. सेक्रेटरी दिवे घालवायला गेले, तर काका बटणांसमोर हात पसरून उभे.

"दिवे घालवायचे नाहीत. अंधारात आवाज पोचत नाही."

"अहो, चंद्र बघायचाय, ऐकायचा नाहीये," सेक्रेटरी वैतागले.

मला तर आयतीच संधी मिळाली. म्हटलं, "काका, आज प्रयोगच करून टाकू. मी अंधारात बोलते. ऐकू आलं तर तुम्ही हरलात." लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणीतरी काकांना प्रेमानं बाजूला ओढलं आणि दिवे गेले. चंद्र नेमका समोरच्या नव्या टॉवरमागे अडकलेला. मिट्ट काळोख.

मी नेहमीच्या आवाजात विचारलं, "मंदाकाकू, दुधात साखर बरोबर आहे ना?"

"आलं ऐकू, आलं!" सगळे ओरडले. काकू तेवढ्या काही बोलल्या नाहीत. कुणीतरी मोबाइलचा उजेड पाडला, तेव्हा त्या दिसल्या. हसत होत्या, पण भलत्याच दिशेला बघून. दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली होती आणि उजेड पडताच एकेकाच्या तोंडाकडे घाबऱ्या नजरेनं बघू लागल्या.

काका माझ्याजवळ आले. मी त्यांना हळू बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

"अगं, तिला ऐकू येत नाही. ओठ बघून अंदाज बांधते. मशीन आणलंय, पण लावत नाही. लोक बहिरी म्हणतील म्हणते. मग मीच तिला म्हटलं, तुझ्या कानांना काही झालेलं नाही, हवाच जड आहे." मग म्हणाले, "जन्मभर माझी एकेक चूक काढत आली. आता काही बोलतच नाही गं. घर खायला उठतं."

मी जाऊन सगळे दिवे लावले, काकूंच्या अगदी समोर उभी राहिले आणि कॉलेजातल्या शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काकू, मी हरले! काकांचं बरोबर आहे. प्रकाश आवाजाला वाट दाखवतो!"

सेक्रेटरी माझ्याकडे बघतच राहिले. काकूंनी माझ्या ओठांवरून नजर हलवली नाही. मग त्यांच्या कपाळावर एक आठी उमटली.

"काय? अगं, तू फिजिक्स शिकवतेस ना?" त्या उठून उभ्या राहिल्या. "पावसात आधी वीज दिसते, गडगडाट मागून येतो. प्रकाश केव्हाच पुढे निघून गेलेला असतो. तो कशाला थांबतोय वाट दाखवायला? आणि अहो, तुम्ही! शाळेतल्या पोरांनाही कळतं हे!"

"पण मंदा, हवेचा दाब..." काका ओरडले.

"दाबबीब काही नाही! सांगते, ऐका नीट."

आणि काकूंनी भर गच्चीत काकांचा एकेक सिद्धान्त सोलून काढला. दुधावर साय धरली तरी कुणी उठलं नाही. काका मान खाली घालून ऐकत होते. बोलून बोलून काकूंना धाप लागली, तेव्हा काकांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग उजेडाकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाले,

"नाही पटलं. पुन्हा सांग."