वाटाण्यानं गेलेला माणूस

आपण नसतो तर ती मालिका चौथ्या भागातच बंद पडली असती, असं हौशीराम केदारीचं ठाम मत होतं. मालिका नऊ भागांची. चौथ्या भागात हौशीराम अकरा सेकंद दिसतो. पण त्या अकरा सेकंदांत तो इन्स्पेक्टरला चोराची वाट दाखवतो की नाही? दाखवतो. मग तो नसता तर इन्स्पेक्टर विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी अजून डोकं खाजवत उभा असता! हे तो भाजे लेण्यांखालच्या आपल्या लिंबूसरबताच्या गाडीवर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावून सांगत असे, आणि ग्लास संपेपर्यंत पाहुण्याला हलताही येत नसे.

त्याचं वाक्य एकच होतं. "ह्या वाटंनं गेलेला मानूस परत आलेला न्हाई." शूटिंगच्या आधी आठ दिवस त्यानं ते म्हशीला ऐकवलं, खाचरात उभं राहून डोंगराला ऐकवलं. म्हशीसमोर एकदाही चुकलं नाही. प्रत्यक्ष कॅमेरा समोर आला आणि वाक्य जे गेलं ते त्या चोरासारखं, परत आलंच नाही. नऊ वेळा घेऊन झालं. दहाव्या वेळी दिग्दर्शकानं हात जोडले. काका, नुसते ओठ हलवा, काहीही बोला, आवाज आम्ही मागून टाकतो, म्हणाला.

हौशीरामनं ओठ हलवले. काय बोलला ते घरी पोचेपर्यंत तोही विसरला. पुढं मुंबईत कुणा भरदार आवाजाच्या नटानं ते वाक्य म्हटलं आणि ते हौशीरामच्या तोंडावर बसवलं. मिशी झुपकेदार असल्यामुळे ते बसलंही ठीक.

मालिका आली त्या दिवशी निम्मं भाजे सुषमाच्या मोबाइलवर वाकलं होतं. सुषमा म्हणजे हौशीरामची सून, लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात कामाला. तो भरदार आवाज ऐकून लोकांनी एकमेकांकडं पाहिलं. हौशीराम म्हणाला, मशिनीत गेला की आवाज भरतो. गावानं ते चालवून घेतलं. आपल्या गावचा माणूस मोबाइलात दिसतोय म्हटल्यावर आवाजासाठी कोण भांडत बसतं!

ही लबाडी न कळलेलं गावात एकच माणूस होतं. हौशीरामची बायको रतनबाई. आठ वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. तेव्हापासून ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखायची, आणि स्वतः मात्र पार औंढे गावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बोलायची. टीव्ही तिनं सोडून दिला होता. नुसती तोंडं हलताना काय बघायचं? मग सुषमानं तिला मोबाइलवर मालिकेखाली येणारी अक्षरं लावून दिली. मोबाइलात माणसांची तोंडं शेंगदाण्याएवढी, तिथं ओठ कुठले दिसणार? सगळी भिस्त अक्षरांवर. सातवी पास रतनबाई चष्मा लावून एकेक शब्द वाचायला लागली, आणि कुठल्या सासूनं कुठल्या सुनेला काय सुनावलं हे तिला आळीतल्या बायकांच्या आधी कळायला लागलं.

हौशीरामचं मागणं फार नव्हतं. गेल्या आठ वर्षांत त्याचं बोलणं तिच्यापर्यंत कामापुरतंच पोचलं होतं. मीठ दे, दार लाव, पाऊस आला. एखादं भारी वाक्य तिनं वाचावं आणि आपला नवरा कुणीतरी आहे असं तिला वाटावं, एवढीच त्याला आस होती. आवाज दुसऱ्याचा होता हे खरं, पण आवाज तिला ऐकू कुठं येणार होता!

तिनं चौथा भाग लावला. हौशीराम शेजारी मिशी पिळत बसला. अकरा सेकंद झाले. रतनबाईनं चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "तुमी ह्येच्यात न्हाव्याचं काम केलंय व्हय?"

खालची अक्षरं म्हणत होती, 'या वाटाण्यानं गेलेला माणूस परत आलेला न्हावी.'

"न्हावी न्हाई," हौशीराम म्हणाला, "न्हाई."

पण ओठांवर न्हावी काय आणि न्हाई काय, रतनबाईला दोन्ही सारखंच दिसलं. तिनं समजूतदारपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी नळावर तिनं मोठ्या कौतुकानं सगळ्यांना गोष्ट सांगितली. घशात वाटाणा अडकून एक माणूस जातो आणि न्हावी होऊन परत येतो, तो न्हावी म्हणजे आमचे हे. भुताचं काम आहे, पण चांगलं केलंय. संध्याकाळपर्यंत तरणी पोरं सरबताच्या गाडीवर येऊन दाढीचा भाव विचारायला लागली.

हौशीरामनं मालिका दाखवणाऱ्या कंपनीला फोन लावला. पलीकडं मशीन होतं. तक्रार थोडक्यात सांगा, म्हणालं. हौशीरामनं सांगितली. मशीन नम्रपणे म्हणालं, आपण जवळच्या केशकर्तनालयाविषयी विचारत आहात का?

मग सुषमानं दुकानातून बातमी आणली. बहिऱ्या प्रेक्षकांची पुण्यात एक संघटना होती, ती बरेच महिने या कंपनीच्या मागं लागली होती की अक्षरं धड द्या. शेवटी कंपनीनं लोणावळ्यात वलवणच्या रस्त्यावरच्या एका हॉटेलात शुक्रवारी दुपारी जाहीर चर्चा ठेवली. कुणीही यावं, बोलावं. हौशीरामनं त्याच रात्री फेटा पेटीतून काढला. अख्ख्या मावळात या विषयावर बोलायला आपल्याइतका लायक माणूस दुसरा नाही, हे त्यानं सुनेला जेवताना तीनदा सांगितलं.

हॉल गार होता आणि खुर्च्यांना पांढरे झगे घातले होते. रतनबाई ठेवणीतलं लुगडं नेसून पहिल्या रांगेत सुषमाशेजारी बसली. व्यासपीठावर कंपनीचा अधिकारी अतुल होता. मागं भिंतभर पडदा, आणि माईकवर जे बोललं जाईल ते आमचं मशीन त्यावर लगेच लिहून दाखवेल, असं अतुलनं छाती फुगवून सांगितलं. तो स्वतः पुण्याच्या सदाशिव पेठेत वाढलेला. त्याचं बोलणं मशीननं काना-मात्रा न चुकवता लिहिलं.

चर्चा तापली. एक गृहस्थ म्हणाले, त्या अक्षरांमुळे आमचं लक्ष उडतं. अतुल म्हणाला, प्रत्येक भागाला माणूस बसवून लिहिणं परवडत नाही, मशीन शंभरातले ऐंशी शब्द बरोबर लिहितं, वीस चुकले तर चालवून घ्यावेत. त्यावर संघटनेची शुभदा उठली. ती जन्मापासून बहिरी. ती हातांच्या खुणांनी बोलायची आणि शेजारची बाई ते माईकवर सांगायची. "ते वीस शब्द तुम्ही वाचत नाही," शुभदा म्हणाली. "आम्ही वाचतो."

आणि मग हौशीरामचं नाव पुकारलं गेलं.

तो पडद्याकडं पाठ करून उभा राहिला, फेटा सारखा केला आणि म्हणाला, "आमी भाज्याचं. माझं नाव हौशीराम केदारी."

मागं अक्षरं उमटली, 'आम्ही भाजीचं. माझं नाव हौशी राम किती दारू.'

हॉल हसला. सुरुवातच जमली म्हणायची, असं वाटून हौशीराम सैल झाला. "आमच्या मंडळीला ऐकाया येत न्हाई," तो म्हणाला. "तिला बी वाचाया आलं पायजे."

'आमच्या मंडळाला ऐकायला येतो न्हावी. तीळ, बी, वाचायला आलं, पायजमा.'

आता लोक खुर्च्यांवरून घसरायला आले. हौशीरामला आयुष्यात एवढी दाद मिळाली नव्हती. सरबताच्या गाडीवर आपण उगाच वाया जातोय असं त्याला वाटून गेलं. त्यानं हातवारे वाढवले, आवाज चढवला, विसापूरपासून इंद्रायणीपर्यंत सगळं भाषणात ओवलं, आणि मागचा पडदा किराणा दुकानाच्या यादीसारखा भरत गेला. अतुल मशीन बंद करायचं बटण शोधत होता.

शेवटी पहिल्या रांगेतून रतनबाई उभी राहिली. तिच्या आवाजाला माईकची गरज नव्हती. "अवो, मागं बगा," ती म्हणाली, "तुमची भाजी केलीया."

हौशीराम वळला. त्यानं सगळा पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. लोक अजून हसत होते, पण त्याच्या मनात एकच आलं. ही बाई इतके दिवस असलं वाचत होती. असल्या तीळ-पायजम्यातून ती रोज गोष्ट जुळवत होती, आणि तिला वाटत होतं की गोष्टच तशी आहे. त्याला फार वाईट वाटलं. आपल्याला स्वतःच्या वाक्याचीच काय ती पडली होती, याची लाजही वाटली.

तो माईकजवळ आला. या वेळी हातवारे नव्हते.

"सायेब, तुमी हसला, बरं झालं. तुमाला ऐकू आलं, म्हनून हसाया आलं. हिला ह्येच खरं वाटतंय. तिनं काय करायचं, सांगा."

कुणी हसलं नाही. मशीननं काय लिहिलं ते कुणी पाहिलंही नाही. शुभदा आणि तिच्या भोवतीच्या वीसेक जणांनी दोन्ही हात वर करून हलवले. बहिऱ्या माणसांच्या त्या टाळ्या होत्या. हौशीरामला वाटलं, खाली बसा म्हणतात. तो घाईनं खाली बसला आणि सुषमानं त्याला पुन्हा उभा केला.

अतुलला आता मागं सरकायला जागा उरली नव्हती. यापुढं मशीननं लिहिलेलं माणूस तपासेल, आणि गावाकडचं बोलणं असेल तिथं त्या गावचा माणूस तपासेल, असं त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. शुभदा म्हणाली, आत्ता करून दाखवा, यांच्याच वाक्यापासून. संगणकावरच्या मुलीनं सुषमाला विचारून नवं वाक्य टाइप केलं. हौशीरामची छाती फेट्याला टेकायची बाकी राहिली. जिंकलो आणि वाक्यही मिळालं!

पडद्यावर चौथा भाग लागला. हौशीरामचं तोंड दाराएवढं दिसायला लागलं. खाली स्वच्छ अक्षरं होती, 'ह्या वाटंनं गेलेला मानूस परत आलेला न्हाई.' हॉलनं टाळ्या वाजवल्या. रतनबाई मात्र अक्षरांकडं बघतच नव्हती. तिनं परत लावायला सांगितलं. परत लावलं. तिनं चष्मा पुसून तिसऱ्यांदा लावायला सांगितलं.

"ह्ये असं बोलतच न्हाईत," ती म्हणाली.

हौशीरामनं फेटा उगाच सारखा केला. सुषमा छताकडं बघायला लागली. चौथ्यांदा लागलेल्या पडद्यावरच्या त्या दाराएवढ्या ओठांवर नजर ठेवून रतनबाईनं शब्द न् शब्द वाचला, वलवणच्या धरणापर्यंत जाईल अशा आवाजात.

"'सकाळपासनं हुबा केलाय, च्याचं नाव न्हाई. घरी बायको लय बडबडती, पर च्या येळंवर देती.'"

हौशीरामला तत्क्षणी सगळं आठवलं. हेच बोललो होतो. हॉल इतका हसला की खुर्च्यांचे झगे हलले. अख्ख्या हॉलला ऐकू येत होतं, आणि खरं काय बोललं गेलं ते एकट्या रतनबाईला कळलं होतं. अतुल गोंधळून तिच्यासमोर आला आणि ओठ सावकाश हलवत विचारता झाला की काकू, मग खाली लिहायचं काय?

रतनबाईनं विचार केला. "समद्यांना जे ऐकू येतं त्येच लिवा," ती म्हणाली. "तुमाला यक आन् आमाला यक, असं नको. आन् ह्ये जे बोललेत, ते माझ्यापुरतं ऱ्हाऊ द्या."

शुभदाच्या शेजारच्या बाईनं ते खुणांनी सांगितलं, आणि वीस जणांचे हात पुन्हा वर गेले. आता हौशीरामला त्याचा अर्थ माहीत होता. त्यानंही दोन्ही हात वर करून बायकोसाठी जोरात हलवले. डोळे पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून खांद्यावर आलेल्या फेट्याच्या शेमल्यालाच त्यानं गाल घासला.

परतीच्या जीपमध्ये दहा माणसं होती. हौशीरामनं छाती काढून सुरुवात केली की आज कंपनीला कसं नमवलं. तेवढ्यात खिडकीशी बसलेल्या रतनबाईनं त्याच्याहून मोठ्या आवाजात दहा जणांना सांगायला घेतलं. नवरा पडद्यावर दाराएवढा दिसतो, राजबिंडा दिसतो, फक्त वाक्य विसरला होता, आवाज दुसऱ्याचा आहे, आणि तोंडानं काय बोलत होता तर ऐका. माझ्यापुरतं राहू द्या म्हणालेली ही बाई भाजे येईपर्यंत एकदाही थांबली नाही. हौशीरामनं चारदा तोंड उघडलं, हातानं खुणा केल्या, तिला कोपरानं ढोसूनही पाहिलं. पण ती बाहेर डोंगराकडं बघत बोलत होती, आणि बायको तोंडाकडं बघत नसेल तर हौशीरामला उत्तर देता येत नाही.