एकशे तेरावा निवडुंग

काचघरातल्या एकशे बारा निवडुंगांना नावं होती. एकशे तेराव्याच्या पाटीवर मात्र सतरा वर्षं नुसतं प्रश्नचिन्ह. नुसत्या काट्यांवरून जात ठरत नाही. फूल उभं चिरून बीजांडकोश कुठे बसलाय, नळीवर लव आहे का, हे पाहावं लागतं. आणि हा पठ्ठ्या फुलायलाच तयार नव्हता. शनिवारी काचघराचे साहेब निवृत्त होणार आणि सोमवारी प्रश्नचिन्हवाली कुंडी उकिरड्यावर जाणार, असं ठरलं होतं. साहेबांनी ती घरी आणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली.

बुधवारी सकाळी तिच्यावर पिवळं फूल!

"बघा, घरची हवा मानवली," बायको म्हणाली.

साहेबांचे डोळे भरून आले. चहाचा कप कुंडीशेजारी ठेवून ते भिंगातून फूल न्याहाळत बसले. चिरायला धारदार पातं उचललं, तर फूल मिटलेलं. आंघोळ करून आले, तर टक्क उघडं. दुपारच्या चहालाही तोच प्रकार. गुरुवारीही तेच.

"याला कळतंय गं," साहेब कुजबुजले.

"काहीतरीच तुमचं!"

"आणि कोमेजतही नाही. एव्हाना मान टाकायला हवी होती."

बायको घासलेलीच भांडी पुन्हा घासायला लागली.

शनिवारी सकाळी चहाच्या आधीच साहेबांनी मनाचा हिय्या करून फूल चिरलं. बीजांडकोश नाही, नळी नाही. खाली डिंक! वाळवलेलं, शोभेचं फूल. चहाच्या वाफेनं मिटायचं, हवा कोरडी झाली की उघडायचं.

"तुमचा चेहरा बघवत नव्हता हो," बायको रडवेली झाली. "जुन्या गुच्छातलं चिकटवलं. एकच!"

साहेबांना राग आला आणि हसूही. डिंक खरवडायला त्यांनी कुंडी फिरवली. खिडकीच्या काचेकडच्या बाजूला पांढरंशुभ्र फूल होतं, नळीवर दाट लव.

"हे मी नाही चिकटवलं," बायको म्हणाली.

साहेबांनी पातं उचललं. फूल सावकाश मिटलं. पातं ठेवलं, तर फूल उघडलं. पुन्हा उचललं, पुन्हा मिटलं.

"अहो, चहा कुठे केलाय अजून मी?"

साहेबांनी पातं खणात टाकून खण लावला. मग प्रश्नचिन्ह खोडून पाटीवर लिहिलं : "नाव विचारू नये."

त्याच दिवशी त्यांनी कुंडी काचघरात परत नेऊन ठेवली. सोमवारी तिला कोणी हात लावला नाही.