बसप्पांच्या कोटातला महिपती

शिवयोगीने गिरणीतली नोकरी सोमवारी सोडली आणि बायकोला गुरुवारी सांगितलं.

"मग इतके दिवस डबा घेऊन कुठं जात होता?" दाक्षायणीने विचारलं.

"तलावाच्या काठी. तिथं बसून खात होतो."

"आणि मी रोज पहाटे उठून भाकरी बांधत होते."

"भाकरी चांगली होती," शिवयोगी म्हणाला. माफी मागायची म्हणून तो बराच वेळ वाक्य शोधत होता. माफीच्या सगळ्यांत जवळचं त्याला एवढंच सापडलं.

गिरणीत त्याचं काम कापडाच्या गाठींवर काळ्या रंगाने आकडे घालण्याचं होतं. त्याचा आठ नावाजलेला होता. पण तरुणपणी त्याने एका नाटक कंपनीत पडदे रंगवले होते, आणि ज्याने एकदा संपूर्ण राजवाडा रंगवला आहे त्याचं आठावर समाधान होत नाही. गिरणीचा मुकादम भला माणूस होता. "दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो," तो म्हणाला. "तोवर तुमच्या चित्रांनी पैसा दिला तर दिला. न्हाईतर या परत."

दाक्षायणी यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही हे शिवयोगीला बरं वाटलं. इथे त्याची चूक झाली.

पहिलं काम आलं ते अण्णारावांचं. अण्णाराव भुसार मालाचे आडते. त्यांच्या शेजारच्या प्रत्येक पेढीत गादीच्या मागे मालकाच्या वडिलांची मोठी तैलचित्रं लागली होती. अण्णारावांच्या गादीमागे फक्त भिंत होती. त्यांचे वडील बसप्पा वीस वर्षांपूर्वी वारले, आणि त्यांनी आयुष्यात एकही फोटो काढू दिला नव्हता. आरशात जे फुकट दिसतं त्याचे फोटोवाला पैसे घेतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

"साठ रुपये देतो," अण्णाराव म्हणाले. "पण आमच्या अव्वानं ओळखलं पाहिजे. तिनं 'हौदु, हेच' म्हटलं की पैसे. साहित्याचा खर्च तुमचा."

"अव्वांनी नाही म्हटलं तर?"

"तर मी दुसऱ्या कुणाच्या तरी बापाचं चित्र विकत कशाला घेऊ?"

यात चुकीचं काही नव्हतं.

शिवयोगीने घरातल्या सगळ्यांना बसप्पा कसे दिसत ते विचारलं. अण्णाराव म्हणाले, कपाळ रुंद होतं. काका म्हणाले, कपाळ नव्हतंच, रुमाल भुवयांवर असायचा. आत्या म्हणाल्या, रंग गोरा होता. हे ऐकून काका हसले. शिवयोगीने सगळ्यांचं थोडं थोडं ऐकलं आणि चित्र काढून अण्णारावांच्या आईपुढे, सुंदरम्मांपुढे, ठेवलं. सुंदरम्मा सत्तरीच्या होत्या, नजर शाबूत होती. मराठी चांगलं बोलत, पण होकार-नकार मात्र त्या माहेरच्या कन्नडमध्येच देत.

"इल्ला," त्या म्हणाल्या. "हे कोण? मामलेदार काय?"

दुसऱ्या चित्राला त्यांनी "इल्ला" म्हणून आत जाऊन ताक घुसळायला घेतलं.

"अव्वा, कसे दिसत होते ते तुम्हीच सांगा की," शिवयोगी काकुळतीला आला.

"सांगता आलं असतं तर तुला कशाला बोलावलं असतं रे? बघितल्यावर कळतं मला."

शिवयोगीला हे म्हणणं पटलं. त्यांना बघायलाच नेलं पाहिजे, असं त्याने ठरवलं. मंगळवारच्या बाजारात टांगा करून त्याने सुंदरम्मांना फिरवलं. टांगा सावकाश चालला होता आणि सुंदरम्मा पन्नाशीपुढच्या प्रत्येक पुरुषाला नीट न्याहाळत होत्या. काही पुरुषांनी नमस्कार केला. एका वाण्याने दुकानाची फळी ओढून घेतली. कांद्याच्या ओळीशी येताच त्यांनी टांगेवाल्याच्या पाठीत बोट टोचलं.

"हे बघ. नाक. हनुवटी. सगळं हेच."

तो वळसंगचा महिपती होता. पोत्यावर बसून कांदे विकत होता. एक बाई त्याच्याशी हुज्जत घालत होती.

"मागल्या खेपेला निम्मे कांदे नासके निघाले!"

"चुकलं माजं, आक्का," महिपती म्हणाला आणि वर दोन कांदे टाकले. बाई लगेच गप्प झाली आणि कांदे घेऊन गेली.

महिपती रोज आठ आण्यांवर बसायला तयार झाला. "नुसतं बसायचं?" त्याने दोनदा विचारून घेतलं. "उठायचं न्हाय, बोलायचं न्हाय, आणि पैसं? लई झ्याक." पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न आला तेव्हा अण्णारावांनी कराराची आठवण करून दिली.

"साहित्याचा खर्च तुमचा."

"पण हा माणूस आहे."

"चित्राला लागतो ना? मग रंग, तेल, कापड आणि महिपती. सगळं साहित्य. मी साठातून वजा करत जाईन."

सुंदरम्मांनी ट्रंकेतून बसप्पांचा काळा कोट काढला. त्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. कोट महिपतीला शिवल्यासारखा बसला. रुमालही बसला. पडवीत खुर्ची मांडली गेली. समोर जोत्यावर सुंदरम्मा सुपात तूर निवडत बसल्या, म्हणजे त्यांना चेहऱ्यावर लक्ष ठेवता येणार होतं. पहिल्या दिवशी काम छान चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी सुंदरम्मांनी सूप थांबवलं आणि कोटाकडे बघत म्हणाल्या,

"विहीर पश्चिमेला खणू नका म्हणून मी सांगितलं होतं."

शिवयोगीने ब्रश खाली घेतला. महिपतीला वाटलं आपल्याशी बोलणं आहे, आणि तसं ते होतंही.

"पूर्वेला पाणी होतं. माझा बाप सांगून गेला होता. ऐकलं का तुम्ही? कोरडी विहीर बांधून ठेवली. अजून तशीच आहे."

महिपतीला विहिरीचं काही माहीत नव्हतं. पण समोरचं माणूस कुरकुरतं आहे हे त्याला कळलं, आणि अशा वेळी काय करायचं ते त्याच्या अंगात बसलेलं होतं.

"चुकलं माजं, आक्का," तो म्हणाला. कांदे जवळ नव्हते, म्हणून त्याने हात जोडले.

सुंदरम्मांनी सूप बाजूला ठेवलं. मग त्यांनी आत हाक मारली, "सूनबाई, ह्यांना चहा टाक. दूध जास्त घाल."

तिसऱ्या दिवसापासून त्या तुरीचं सूप घेऊन येत, पण निवडत नसत. त्यांना न विचारता दिराला दिलेली बैलजोडी निघाली. मोडलेल्या पाटल्या निघाल्या. माहेरच्या लग्नाला जाऊ दिलं नव्हतं, ते निघालं. महिपती प्रत्येक गोष्टीला सारख्याच मनापासून "चुकलं माजं" म्हणत होता. बैलजोडीला त्याने आपणहून "लईच चुकलं" म्हटलं, कारण तो शेतकरी होता.

"घरी बायकोला म्हणतोस काय रे असं?" शिवयोगीने वाटेत विचारलं.

"फुकट?" महिपती म्हणाला. "न्हाय बा."

चित्र आठवड्याभरात पुरं झालं. अण्णाराव बघून चरकले आणि त्यांनी चप्पल काढून ठेवली. काका आणि आत्या यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. सुंदरम्मा चित्रापुढे उभ्या राहिल्या.

"इल्ला," त्या म्हणाल्या.

"अव्वा!" अण्णाराव ओरडले.

"कान बघ. कान असे होते?"

शिवयोगीने कान बदलले. मग भुवई चुकली. भुवई दुरुस्त झाल्यावर कान पूर्वीचेच बरे होते असं ठरलं. महिपती रोज येत होता, चहा पीत होता, माफी मागत होता, आणि साठातून रोज आठ आणे जात होते. महिपतीचं अंग भरलं. कोट छातीवर घट्ट होऊ लागला, तेव्हा सुंदरम्मांनी तो उसवून सैल करून दिला. शिवयोगीने मात्र आडबाजूला जुन्या फळीवर आठ काढून पाहिला. हात अजून बसलेला होता. दिवाळी जवळ येत होती.

एक दिवस दाक्षायणी डबा घेऊन अण्णारावांच्या घरी आली. ती पडवीच्या कोपऱ्यात बसली. चित्राकडे तिने एकदाच पाहिलं. बाकीचा वेळ ती सुंदरम्मांकडे पाहत होती.

"अहो, चित्रात काही दोष नाही," बाहेर आल्यावर ती म्हणाली.

"मग?"

"'हौदु' म्हटलं की महिपतीचं येणं बंद. मग त्या का म्हणतील?"

शिवयोगी वाटेतच थांबला. त्याने कानाचा, भुवईचा, उजेडाचा विचार केला होता. हा विचार त्याच्या मनात आला नव्हता.

"आता काय करायचं?"

"अण्णारावांना सांगा, चित्र झालं तरी महिपतीनं दर मंगळवारी बाजार उरकून तासभर यावं. खर्च त्यांचा. आता तो साहित्य नाही."

अण्णारावांनी हिशेब केला. तासाचे आठ आणे ही मोठी रक्कम होती. पण गेले काही दिवस आई त्यांच्यावर एकदाही खेकसली नव्हती, हेही त्यांनी हिशेबात धरलं. त्यांनी होकार दिला, आईला सांगितलं, आणि चित्र पुन्हा पुढे ठेवलं.

"हौदु," सुंदरम्मा म्हणाल्या. "हेच."

"आणि कान?" शिवयोगीने न राहवून विचारलं.

"कानाला काय झालंय?"

साठातून महिपती वजा जाऊन जे उरलं त्यात थकलेलं घरभाडं भागलं. चित्र पेढीत लागलं. बाजारातले लोक बघायला आले, आणि प्रत्येकाने वाहवा केली. आता कामांची रांग लागणार, असं शिवयोगीला वाटलं. रांग लागली. पण ती महिपतीकडे लागली. कारण पेढीत पुरुष जेव्हा चित्र बघत होते तेव्हा सुंदरम्मा मठात बसून बायकांना दुसरंच काही सांगत होत्या.

पहिल्या आल्या शिवबाई. यांचे यजमान पटकीच्या साथीत गेले, आणि जाण्याआधी त्यांनी शिवबाईंच्या भावाशी अबोला धरला होता. शिवबाईंना त्याबद्दल दोन शब्द हवे होते. महिपती गेला, पण तासाभरात परत आला आणि शिवयोगीने रंगकामासाठी घेतलेल्या खोलीच्या दारात उभा राहिला.

"पेंटरसायेब, त्या बाईचं मन बसंना. मालकांना मिश्या हुत्या म्हणं, ह्या एवढ्या. तुमी काढून द्या की."

"तुझ्या तोंडावर?"

"मग कुटं? चार आणे देतो. रोख."

शिवयोगीने सगळ्यांत बारीक ब्रश काढला. मग त्याने काजळ तेलात कालवलं. त्याने मिशी अशी काढली की केस आणि केस सुटा दिसत होता. शिवबाईंनी दार उघडलं आणि पदर सारखा केला. म्हणजे ओळखलं.

त्यानंतर काम कमी पडलं नाही. मिशीचे चार आणे, कल्ले असतील तर सहा, देवीचे व्रण मागाहून ठरवून. महिपती कधी घासाघीस करत नसे आणि कधी उधार ठेवत नसे. धुतलं की चित्र पुसलं जाई, त्यामुळे तेच काम दुसऱ्या आठवड्यात पुन्हा येई. भिंतीवरच्या चित्रात ही सोय नव्हती. दिवाळी आली आणि गेली. मुकादमाने जागा दुसऱ्याला दिली. त्याचा आठ, म्हणे, बरा होता.

संक्रांतीच्या सुमाराला एका मंगळवारी महिपती नवीन काम घेऊन आला.

"मिशी बारीक. मधनं इरळ. डोळ्याखाली काळं. आन् उजव्या कानाच्या पाळीला निळा रंग लागल्यावानी."

"निळा? नीळ विकत होता का हा गृहस्थ? गेला कधी?"

"गेला न्हाय की. जित्ता हाय."

"मग त्याच्याच तोंडून का ऐकत नाहीत?"

"ते म्या इचारलं न्हाय," महिपती म्हणाला. "आन् नाव सांगायचं न्हाय असं ठरलंय."

शिवयोगीने काम मन लावून केलं. डोळ्याखालचं काळं त्याला विशेष साधलं. हा चेहरा आपण कुठेतरी पाहिला आहे असं त्याला वाटलं, पण साधाच चेहरा होता. असे पुष्कळ असतात. महिपतीने चार आणे मोजून दिले आणि तो घाईने गेला. शिवयोगीने ब्रश धुतले, खोलीला कुलूप लावलं आणि रमत गमत घरी आला.

दार लोटलेलं होतं. आतून दाक्षायणीचा आवाज येत होता.

"सोमवारी सोडली आणि गुरुवारी सांगितलं."

"चुकलं माजं, बाई."

"मी पहाटे उठून भाकरी बांधत होते."

"भाकरीचं बी चुकलं."

शिवयोगी उंबऱ्याबाहेर उभा राहिला. त्याने आपल्या उजव्या कानाच्या पाळीला हात लावला. बोटाला निळा रंग लागला. तो आत गेला नाही, कारण तासाचे पैसे भरलेले होते. घरातून आठ आणे गेले होते आणि त्यातले चार त्याच्या खिशात परत आले होते, एवढा हिशेब त्याचा उभ्या उभ्या झाला.

तास भरल्यावर महिपती बाहेर आला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. महिपतीने शिवयोगीच्याच चेहऱ्याने ओशाळं हसून रुमाल सारखा केला आणि तो गेला.

शिवयोगी आत आला. दाक्षायणी पाटावर बसली होती. तो तिच्यासमोर उभा राहिला, घसा साफ केला आणि म्हणाला,

"चुकलं माझं."

दाक्षायणीने मान किंचित कलती करून त्याच्याकडे पाहिलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत पाहिलं, मग पुन्हा वर.

"इल्ला," ती म्हणाली. "कान बरोबर आहे. बाकी अजून थोडं जमायला हवं."